रक्तपंपाचं बेअरिंग निवडण्याआधी फटीचा हिशोब करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका गटाने हृदयाच्या डाव्या कप्प्याला मदत करणाऱ्या पंपाचा, म्हणजे एलव्हीएडीचा, नमुना करायला घेतला आहे. सेंट्रिफ्यूगल पंप, इम्पेलरचा (रक्त ढकलणाऱ्या फिरत्या चक्राचा) व्यास ३० मिमी, वेग ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे), प्रवाह मिनिटाला ५ लिटर आणि दाब १०० मिमी पारा. मार्गदर्शक सरांचा सल्ला आहे की झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकचा गोळा आणि वाटी असं पिव्हट बेअरिंग लावा, स्वस्तात होतं आणि झिजत नाही. गटातल्या एकाला २० मायक्रॉन फटीचं हायड्रोडायनॅमिक बेअरिंग, म्हणजे रोटरला (फिरत्या भागाला) रक्ताच्या पातळ थरावर तरंगवणारं, हवंय, कारण सीएफडीत (प्रवाहाच्या संगणकी गणितात) रोटर उचलण्याइतका दाब तयार होताना दिसतो. तिसऱ्याचं म्हणणं, आता सगळीकडे चुंबकावर तरंगणारा रोटर असतो, बाकीचं जुनं झालं. मग घ्यावं काय?

तिन्ही मतांमागे विचार आहे, पण तिघांनीही बेअरिंगकडे रोटर धरून ठेवणारा भाग म्हणून पाहिलंय. पाण्याच्या पंपात ते पुरतं. रक्ताच्या पंपात बेअरिंगची फट हा रक्ताच्या वाटेचा भाग असतो. तिथे रक्त शिरतं, काही काळ राहतं, घुसळलं जातं, तापतं आणि बाहेर पडतं. तेव्हा खरा प्रश्न असा विचारायला हवा: त्या फटीत रक्तावर किती ताण येतो, ते तिथे किती वेळ राहतं, आणि किती तापतं? याची उत्तरं आधी काढली की बेअरिंगचा प्रकार बराचसा आपोआप ठरतो. मी माझ्या कामात हाच क्रम ठेवतो. आधी फट, मग फटीतून वाहणारं रक्त, आणि शेवटी बेअरिंगचा प्रकार.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी राहील. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पंप किती काळ चालायचा आहे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस, आयसीयूमध्ये, शरीराबाहेर ठेवलेला पंप असेल तर साधं पिव्हटसुद्धा चालतं. पंपाचं डोकं (रक्ताला लागणारा भाग) बदलायचं झालं तर पाच मिनिटांचं काम असतं. छातीत बसवून पाच-सात वर्षं चालवायचा असेल तर हिशोबच वेगळा. ५४०० आरपीएमने फिरणारा रोटर वर्षाला सुमारे २८४ कोटी फेरे मारतो. दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णाला रक्त पातळ ठेवण्याचं औषध किती काटेकोरपणे देता येणार आहे. याकडे यंत्रवाले फार लक्ष देत नाहीत. बेअरिंगची जागा नीट धुतली जात नसेल तर ती उणीव शेवटी रुग्णाच्या गोळीवर ढकलली जाते: वॉरफरिनचा डोस वाढवा, वरून अॅस्पिरिन द्या. मग मेंदूत किंवा आतड्यात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ज्या रुग्णाला आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) तपासायला दर वेळी तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी जावं लागतं, त्याच्यासाठी हा फरक कागदावरचा नाही. आणि तिसरी गोष्ट, तुमच्या प्रकल्पाचा हेतू. टेबलावर चालणारा नमुना दाखवायचा आहे की पुढे कुणीतरी प्राण्यात बसवेल असा पाया घालायचा आहे? मी दुसरं धरून उत्तर देतोय.

चला, २० मायक्रॉनच्या फटीपासून सुरुवात करू. आकडे तुमच्याच पंपाचे आहेत. इम्पेलरच्या कडेचा वेग येतो सेकंदाला सुमारे ४.७ मीटर. समजा तुमचं थ्रस्ट बेअरिंग (अक्षाच्या दिशेचं बल झेलणारं) इम्पेलरच्या तळाशी कंकणाकृती आहे, आतली त्रिज्या १० मिमी आणि बाहेरची १५ मिमी. फट सगळीकडे सारखी २० मायक्रॉन आणि रक्ताची विस्कॉसिटी ३.५ मिलीपास्कल-सेकंद धरली, तर कडेला शिअर रेट (रक्ताचे थर एकमेकांवरून घसरण्याचा दर) येतो सेकंदाला २,३५,००० आणि शिअर ताण ८०० पास्कलच्या वर. हिमोलिसिसच्या (तांबड्या पेशी फुटण्याच्या) चर्चेत १५० पास्कल हा आकडा नेहमी ऐकायला येतो. तो सीमारेषा म्हणून घेऊ नका, कारण तांबडी पेशी फुटणं हे ताण आणि वेळ या दोन्हींवर अवलंबून असतं. १९९० मध्ये गीर्सिपेन आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्रात ताणाचा घातांक २.४१६ आहे आणि वेळेचा ०.७८५. ते सूत्र नुकसान वाढवून सांगतं हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी त्यातला मुख्य मुद्दा टिकून आहे: ताण दुप्पट झाला तर नुकसान पाचपटीहून जास्त वाढतं.

म्हणून पुढचा प्रश्न वेळेचा. या फटीच्या दोन टोकांत १०० मिमी पाऱ्याचा सगळा दाब लावला तरी तिच्यातून मिनिटाला जेमतेम २.४ मिलीलिटर रक्त वाहतं. फटीत मावणारं रक्त आहे सुमारे ८ मायक्रोलिटर. म्हणजे प्रत्येक थेंब तिथे साधारण ०.२ सेकंद राहतो. ऐकायला कमी वाटतं, पण एवढ्या ताणाखाली ०.२ सेकंद हा फार मोठा काळ आहे. तेवढ्यात रोटरच्या १० फेऱ्या होतात. आणि मिनिटाला २.४ मिलीलिटर म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेतीन लिटर. अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त रोज त्या फटीतून जाणार.

अजून उष्णता बाकी आहे. फटीतल्या घर्षणात खर्च होणारी शक्ती काढली तर ती सुमारे १.१ वॅट येते. आता तुमचा पंप रक्ताला देतो ती उपयुक्त शक्ती काढा: मिनिटाला ५ लिटर, १०० मिमी पारा. तीही १.१ वॅटच. म्हणजे बेअरिंग एकटंच हृदयाला दिलेल्या मदतीइतकी ऊर्जा खाणार आणि तिची उष्णता त्या २.४ मिलीलिटर रक्तात ओतणार. भिंतींतून उष्णता बाहेर जात नाही असं धरलं तर रक्ताचं तापमान ७ अंशांनी वाढतं, ३७ वरून ४४. प्रत्यक्षात टायटॅनियमच्या भिंती आणि बाजूचा मोठा प्रवाह बरीच उष्णता नेतात. पण फटीत जरा फायब्रिन (गुठळीतलं धागेदार प्रथिन) साचून प्रवाह कमी झाला की तापमान आणखी चढतं, प्रथिनं बिघडून भिंतीला चिकटतात, फट आणखी बुजते. हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

सीएफडीत उचल दिसली म्हणजे तुमच्या मित्राचं गणित चुकलं असं नाही. उचल असणारच. ती या किमतीत मिळतेय, एवढंच तुमच्या चित्रात दिसत नाहीये.

इथे एक सूत्र मनात पक्कं करून ठेवा: पातळ फटीतून वाहणारा प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. फट २० वरून ४० मायक्रॉन केली तर प्रवाह आठपट, ताण निम्मा, घर्षणाची उष्णता निम्मी. ५०० मायक्रॉन केली तर गुणक पंधरा हजारांवर जातो. तिथे हे सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही, कारण दाब आणि प्रवाहाची जातच बदलते. तरी दिशा स्पष्ट आहे. रक्तपंपांचा गेल्या तीन-चार दशकांचा इतिहास बराचसा ही फट रुंद करत नेण्याचा इतिहास आहे.

तो इतिहास थोडा सांगतो, कारण सरांचं पिव्हट त्यात मध्यभागी आहे. आधीच्या पिढीतला हार्टमेट एक्सव्हीई हा धडधडणारा पंप होता. मोटर आणि तिची बॉल बेअरिंगं रक्ताबाहेर, मध्ये लवचीक पडदा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रीमॅच चाचणीत याचीच आधीची व्हीई आवृत्ती लावलेल्यांपैकी ५२ टक्के रुग्ण वर्षभर जगले, फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी २५ टक्के. वैद्यकीयदृष्ट्या मोठी झेप होती ती, पण यंत्र दीड-दोन वर्षांत थकायचं आणि बेअरिंगची झीज हे त्यातलं एक ठळक कारण होतं. नंतर आला हार्टमेट टू. छोटा, सरळ नळीसारखा अक्षीय पंप, एकच फिरता भाग, आणि त्याच्या दोन्ही टोकांना कृत्रिम माणकाची गोळा-वाटी बेअरिंगं, थेट रक्तात बुडालेली. वंगण म्हणजे रक्तच. अमेरिकेत एप्रिल २००८ मध्ये त्याला प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यांसाठी आणि जानेवारी २०१० मध्ये कायमस्वरूपी वापरासाठी मान्यता मिळाली. एक्सव्हीईशी थेट तुलना २००९ मध्ये छापून आली, त्यात यंत्र न बदलता आणि पंगू करणारा पक्षाघाताचा झटका न येता दोन वर्षं जगलेल्यांचं प्रमाण ४६ विरुद्ध ११ टक्के होतं.

म्हणजे पिव्हट बेअरिंग झिजत नाही, हे सरांचं म्हणणं खरंच आहे. माणिक, झिर्कोनिया, अॅल्युमिना ही इतकी कठीण द्रव्यं आहेत की कोट्यवधी फेऱ्यांनंतरही झीज नगण्य राहू शकते. पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या रुग्णालयांनी आपली आकडेवारी एकत्र करून दाखवलं की २०११ च्या सुमारापासून हार्टमेट टूमध्ये रोपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत पंपात गुठळी होण्याचं प्रमाण २.२ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर गेलं होतं. कारणं अनेक चर्चिली गेली: औषधांचे बदललेले डोस, पंपाचा वेग, नळीचा कोन. पण काढलेले पंप उघडल्यावर बेअरिंगभोवती, विशेषतः आत येणाऱ्या टोकाला, फायब्रिनची थरांवर थर चढलेली कडी सापडत होती.

याचं यांत्रिक कारण सोपं आहे. गोळा जिथे वाटीला टेकतो तिथे फट शून्य. तिथून बाहेर सरकावं तशी फट वाढते, म्हणजे कुठेतरी अशी एक गोलाकार पट्टी असणारच जिथे रक्त शिरू शकतं पण वाहू शकत नाही. आणि ती पट्टी फिरण्याच्या अक्षाजवळ असते, जिथे पृष्ठभागाचा वेगही कमी. घर्षणाची उष्णता नेमकी तिथेच तयार होते. थोडक्यात उष्णता, साचलेलं रक्त आणि बाहेरून आलेला पृष्ठभाग ही तिन्ही एकाच मिलिमीटरभर जागेत. पिव्हट वापरायचंच असेल तर गोळ्याची त्रिज्या वाटीपेक्षा पुरेशी लहान ठेवून ती पट्टी उघडी करता येते, आणि आजूबाजूचा प्रवाह तिथे आदळेल अशी रचना करता येते. याने पुष्कळ फरक पडतो. पण टेकण्याचा बिंदू नाहीसा करता येत नाही.

मध्ये एक वेगळा रस्ताही होता: रक्त बेअरिंगपर्यंत पोहोचूच द्यायचं नाही. जपानच्या इव्हाहार्टमध्ये सील आणि बेअरिंग निर्जंतुक पाण्याने सतत धुतलं जातं. मांडीतून कॅथेटरने बसवतात त्या इम्पेलात ग्लुकोजचं द्रावण मोटरमधून बाहेरच्या दिशेने ढकललं जातं. कल्पना उत्तम आहे, आणि इम्पेलासारख्या थोड्या दिवसांच्या पंपात, जिथे वेग ४६,००० आरपीएमपर्यंत जातो, तिथे ती अटळच आहे. मात्र रुग्णाला द्रवाची टाकी आणि आणखी एक छोटा पंप बरोबर बाळगावा लागतो. तुमच्या गटाने या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

आता हायड्रोडायनॅमिक बेअरिंगकडे परत. त्याची उचल येते ती निमुळत्या फटीतून. पावसात भरधाव गाडीचं टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतं, तसा इथे फिरणारा पृष्ठभाग रक्त ओढून अरुंद बाजूला कोंबतो आणि तिथला वाढलेला दाब रोटर उचलतो. विजेचा एकही भाग लागत नाही, सेन्सर नाही, नियंत्रण नाही. फार देखणी गोष्ट आहे ही, आणि मला स्वतःला या प्रकाराबद्दल अजून आदर आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हेंट्राअसिस्टमध्ये रोटर असाच तरंगायचा. हार्टवेअरच्या एचव्हीएडीमध्ये कायमस्वरूपी चुंबक रोटरला बाजूंनी सांभाळायचे आणि थ्रस्टची बाजू रक्ताच्या पातळ थरावर.

वर केलेला हिशोब सगळी फट २० मायक्रॉन धरून केला होता. चांगल्या रचनेत तसं नसतं. अरुंद फट फक्त छोट्या उंचवट्यांवर ठेवतात आणि त्यांच्या मध्ये शंभर-दोनशे मायक्रॉन खोलीच्या खाचा काढतात. खाचांतून रक्त वाहतं, उंचवट्यांवरून थोडंच जातं. इथे रक्ताचा एक स्वभाव आपल्या मदतीला येतो. अरुंद वाटेत शिरताना तांबड्या पेशी भिंतीपासून दूर राहतात आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण उतरतं. फॉरेयुसने हे १९२९ मध्येच बारीक काचनळ्यांत दाखवलं होतं. सर्पिल खाचांच्या बेअरिंगवर संशोधकांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलंय की नीट आखणी असेल तर पेशी खाचांतून जातात आणि उंचवट्यावरून मुख्यतः प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) जातो. मग ८०० पास्कलचा ताण झेलायला पेशी तिथे फारशा नसतातच. म्हणून अशा बेअरिंगचा प्रत्यक्ष हिमोलिसिस साध्या हिशोबापेक्षा पुष्कळ कमी निघू शकतो. तुमच्या सीएफडीत रक्त एकजिनसी द्रव धरलंय, त्यामुळे हे त्यात उमटणार नाही.

तरीही दोन गोष्टी राहतात. प्लाझ्मातलं व्हॉन विलब्रँड फॅक्टर हे लांबलचक प्रथिन तांबड्या पेशींपेक्षा खूप कमी शिअरला उलगडतं आणि उलगडलं की एन्झाइम त्याचे तुकडे करतं. पेशी वाचल्या तरी ते वाचत नाही, आणि त्याच्या तुटीमुळे आतड्यांतून रक्तस्राव वाढतो. दुसरी गोष्ट म्हणजे सुरू होणं आणि थांबणं. उचल वेगातून येते, त्यामुळे वेग नाही तेव्हा रोटर टेकलेला असतो. बॅटरी बदलताना, जोडणी सुटल्यावर, थांबलेला पंप पुन्हा सुरू करताना तो घासतच उठतो. म्हणून दोन्ही पृष्ठभागांवर कठीण लेप लागतो आणि ते काही मायक्रॉनच्या आत सपाट असावे लागतात. एचव्हीएडीची विक्री जून २०२१ मध्ये थांबवली गेली तेव्हा दिलेल्या कारणांत मेंदूच्या गुंतागुंतीचं जास्त प्रमाण आणि काही पंप थांबल्यावर पुन्हा सुरू न होणं ही दोन्ही होती. याचा दोष एकट्या बेअरिंगच्या प्रकारावर टाकणं अन्याय होईल. पण ‘थांबल्यावर पुन्हा सुरू होतो का’ हा प्रश्न डिझाइनच्या पहिल्या पानावर असायला हवा, हे त्यातून घ्यावं.

इथवरचं गोळा करून सांगतो. पिव्हट झिजत नाही, पण टेकण्याच्या बिंदूभोवती रक्त साचतं आणि तापतं. हायड्रोडायनॅमिक टेकत नाही, पण फट इतकी अरुंद असते की ती धुणं हेच मुख्य काम होऊन बसतं. आणि उरतं चुंबक.

फक्त कायमस्वरूपी चुंबक लावून रोटर सगळ्या दिशांनी स्थिर तरंगवता येत नाही, हे सॅम्युएल अर्नशॉने १८४२ मध्ये सिद्ध केलंय. बाजूंनी स्थिर केला तर अक्षाच्या दिशेने पळतो, अक्षाच्या दिशेने धरला तर बाजूला जातो. म्हणून निदान एका दिशेला तरी काहीतरी वेगळं लागतं: टेकू, द्रवाचा थर, किंवा सेन्सर आणि कॉइल. हार्टमेट थ्रीमध्ये बाजूच्या दोन दिशा सेन्सर आणि कॉइल सांभाळतात. अक्षाची दिशा आणि कलणं चुंबकीय ओढीमुळे आपसूक स्थिर राहतं. फिरवणारा आणि तरंगवणारा स्टेटर (कॉइल असलेला स्थिर भाग) एकच आहे. याचा फायदा म्हणजे फट बाजूंना सुमारे अर्धा मिलिमीटर आणि वर-खाली त्याच्या दुप्पट ठेवता आली. तुमच्याच ४.७ मीटर वेगाला अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत शिअर ताण येतो ३३ पास्कलच्या आसपास. कुठे ८००, कुठे ३३. शिवाय वेग दर दोन सेकंदांनी क्षणभर २००० आरपीएमने उतरवून मग तितकाच वर नेतात, जेणेकरून प्रवाहाचा आराखडा विस्कटून कोपरे धुतले जावेत. रोटर कशालाच टेकलेला नाही म्हणून हे बिनधास्त करता येतं.

याचा परिणाम रुग्णांत दिसला. मोमेंटम थ्री चाचणीत १०२८ रुग्ण होते, अर्ध्यांना हार्टमेट टू आणि अर्ध्यांना थ्री. २०१९ मध्ये छापलेल्या अंतिम निकालात दोन वर्षांत पंपात गुठळी झाल्याचं प्रमाण १३.९ विरुद्ध १.४ टक्के निघालं. पाच वर्षांनी जिवंत असलेले ४३.७ विरुद्ध ५८.४ टक्के. पुढे २०२३ मध्ये एरिस चाचणीने दाखवलं की या पंपाच्या रुग्णांना अॅस्पिरिन न देताही गुठळ्या वाढत नाहीत आणि रक्तस्राव ३४ टक्क्यांनी कमी होतो. वर मी म्हटलं होतं की बेअरिंगची उणीव गोळीवर ढकलली जाते. इथे उलटं झालं, फट मोकळी केल्यावर एक गोळी कमी करता आली. माझ्या मते या क्षेत्रातला बेअरिंगच्या बाजूने झालेला हा सर्वांत मोलाचा पुरावा आहे.

पण तिसऱ्या मित्राला सांगा, मॅग्लेव्ह, म्हणजे रोटर चुंबकावर तरंगवणं, फुकट मिळत नाही. रुंद फटीतून रक्त मागे गळतं आणि तेच रक्त पंपाला पुन्हा पुन्हा ढकलावं लागतं, त्यामुळे कार्यक्षमता घसरते. निओडिमियम चुंबक रक्तात गंजतात, म्हणून ते टायटॅनियमच्या डबीत वेल्डिंग करून सीलबंद करावे लागतात. दोन्ही बाजूंची डबीची भिंत ०.३ मिमी धरली आणि रक्ताची फट ०.५, तर चुंबकाला दिसणारं अंतर १.१ मिमी होतं. तेवढ्या अंतरावरून पुरेसं बल काढायचं तर चुंबक आणि कॉइल मोठ्या होतात. इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं की रोटर बसतो, म्हणून सगळं दुहेरी लागतं. आणि बळ किती लागेल हे गुरुत्वाकर्षणावरून ठरवू नका. ३० ग्रॅमच्या रोटरचं वजन ०.३ न्यूटन असतं, पण रुग्ण खुर्चीवर धपकन बसला किंवा एसटीत खड्ड्याला गाडी आदळली तर त्याच्या अनेक पट बल क्षणभर येतं. रुग्ण झटकन वळला की रोटरवर जायरोस्कोपिक मोमेंट (फिरत्या वस्तूचा अक्ष वळवताना येणारा, तिला कलवू पाहणारा जोर) येतो. १२ मिमी त्रिज्येचा तेवढ्याच वजनाचा रोटर ५४०० आरपीएमला आणि सेकंदाला ३ रेडियन वेगाने वळणं धरलं तर तो येतो जवळजवळ ४ मिलीन्यूटन-मीटर. हे सगळं झेलताना रोटर फटीच्या किती भागापर्यंत सरकतो ते तपासावं लागतं.

शिवाय मॅग्लेव्हने सगळे प्रश्न सुटले नाहीत. हार्टमेट थ्रीच्या रुग्णांतही व्हॉन विलब्रँड फॅक्टर तुटतं, रक्तस्राव होतो, आणि पोटातून बाहेर येणाऱ्या वायरीच्या जागी जंतुसंसर्ग होतो. शेवटच्याशी बेअरिंगचा काही संबंधच नाही. तरी पुढची दिशा तीच दिसते. ब्रिस्बेनच्या डॅनियल टिम्स यांनी सुरू केलेल्या बायव्हॅकॉर या संपूर्ण कृत्रिम हृदयात एकच तरंगता रोटर दोन्ही बाजूंना रक्त ढकलतो आणि पुढे-मागे सरकून डाव्या-उजव्या प्रवाहाचा तोल सांभाळतो. जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टनला ते पहिल्यांदा माणसात बसवलं गेलं. तिथे बेअरिंग हे शरीरक्रियेच्या नियंत्रणाचंच साधन झालंय.

तुमच्या गटाने काय करावं? एका वर्षात, कॉलेजच्या कार्यशाळेत, पूर्ण सक्रिय मॅग्लेव्ह करू नका. नियंत्रणातच वर्ष जाईल आणि रक्ताच्या वाटेकडे लक्षच जाणार नाही. मी असतो तर बाजूंच्या स्थिरतेसाठी कायमस्वरूपी चुंबकांच्या कड्या वापरल्या असत्या, रक्ताची फट तिथे निदान ०.३ ते ०.५ मिमी ठेवली असती, आणि फक्त अक्षाच्या दिशेला एक हायड्रोडायनॅमिक थ्रस्ट बेअरिंग दिलं असतं, सर्पिल खाचांचं, उंचवट्यांचं क्षेत्र शक्य तितकं कमी. ते जमेपर्यंत त्याच जागी एक सिरॅमिक टेकू लावून पंप चालवून पाहायला हरकत नाही. सरांच्या झिर्कोनियाचा तिथे खरा उपयोग आहे, आणि तुलनेसाठी आयता संदर्भही मिळेल. इम्पेलरला मधोमध आरपार भोक ठेवा. मागच्या फटीतलं रक्त त्यातून परत पुढे येईल, म्हणजे तळाशी मेलेला कोपरा राहणार नाही.

चाचण्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम पारदर्शक अॅक्रिलिकचं आवरण करा आणि वजनाने सुमारे ४० टक्के ग्लिसरीन घातलेलं पाणी वापरा, त्याची विस्कॉसिटी रक्ताच्या जवळ येते. तापमानासोबत ती बरीच बदलते, म्हणून दर वेळी मोजा. त्यात रंग सोडून प्रत्येक फटीतला रंग किती वेळात धुऊन निघतो ते व्हिडिओवर मोजा. ही स्वस्तातली चाचणी महागड्या सिम्युलेशनपेक्षा जास्त शिकवते असा माझा अनुभव आहे. तीच चाचणी पंप आडवा, उभा आणि उलटा ठेवून करा. मग पंप वारंवार बंद-चालू करून बेअरिंगचे पृष्ठभाग मायक्रोस्कोपखाली बघा.

रक्ताची चाचणी त्यानंतर. एएसटीएम एफ१८४१ या प्रमाणित चाचणी पद्धतीत ३७ अंशांना, मिनिटाला ५ लिटर आणि १०० मिमी पाऱ्यावर, ६ तास रक्त फिरवून प्लाझ्मात उतरलेलं हिमोग्लोबिन मोजतात. कत्तलखान्यातलं रक्त घेऊ नका, त्यात इतर द्रव मिसळलेले असतात आणि पेशी आधीच दुखावलेल्या असतात. शिरवळ किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे रीतसर परवानगी घेऊन निरोगी जनावराच्या शिरेतून काढलेलं रक्त मिळतं का ते विचारा. शेळीचं रक्त सहज मिळतं म्हणून ते घेण्याचा मोह होईल, पण शेळीच्या तांबड्या पेशींचा व्यास माणसाच्या पेशीच्या साधारण निम्मा असतो. अरुंद फटीच्या बेअरिंगमध्ये पेशीचा आकार हाच तर मुद्दा आहे, त्यामुळे तो निकाल माणसाला लावता येणार नाही. आणि प्रत्येक वेळी त्याच रक्ताच्या दुसऱ्या वाट्यावर, तशाच दुसऱ्या लूपमध्ये, एखादा बाजारात मिळणारा पंप शेजारी चालवा. रक्त रोज वेगळं असतं, त्यामुळे एकट्या पंपाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

पुढचं विचाराल तेव्हा तीन गोष्टी सोबत द्या: प्रत्येक फटीची रुंदी दाखवणारं आडवं छेदचित्र, त्या प्रत्येक फटीतून मिनिटाला किती मिलीलिटर जातं, आणि पंप उलटा धरल्यावर रोटर किती मायक्रॉन सरकतो. त्यावर नेमकं बोलता येईल.